खाणीतला माशाचा दात

साहेब, तुम्ही न बघता सही केलीत.

कुठल्या कागदावर, ते शेवटी येईल. तोवर खुर्चीत बसा आणि ऐका. तुमचं नाव घेतलेलं नाही, घ्यायची गरजही नाही. आपली सही माणूस अंधारातसुद्धा ओळखतो.

सुदाम साळवे शनिवारी सकाळी चिखलोलीच्या दगडखाणीत मेलेला सापडला. साल अठ्ठ्याऐंशी, नोव्हेंबर महिना. सोमवारी पोलिसांनी त्याच्या मेव्हण्याला, सोमा ओव्हाळला, खुनाच्या संशयावरून आत टाकलं. मंगळवारी सुदामची बायको सरस्वती अंबरनाथ पश्चिमेच्या एका चाळीचा जिना चढून दुसऱ्या मजल्यावर आली. हातात गाठोडं, कडेला पाच वर्षांची चिमी.

दारावर पाटी होती : ‘भागीरथी शेजवळ. खाजगी चौकशी.’

भागीरथीबाईंनी मुंबईच्या एका कॉलेजात अठ्ठावीस वर्षं दगड घासले होते. भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई म्हणून लागल्या, आणि दगडाचा कागदाएवढा पातळ काप काढण्यात त्यांचा हात कुणी धरू शकला नाही. प्रोफेसर बोलायचे, पोरं लिहून घ्यायची, बाई घासता घासता ऐकायच्या. परीक्षा कुणी घेतली नाही म्हणून सगळं लक्षात राहिलं. निवृत्तीनंतर त्या लग्नाआधीच्या चौकशा करत. नवरामुलगा खरंच नोकरीला आहे का, पितो किती, असल्या.

त्यांच्यासोबत असायचा हरिचंद्र भोपी. चिखलोलीचा आगरी, पन्नाशीचा, रिक्षा चालवायचा. त्याच्या बापाची भातशेती जिथे होती तिथे आता कारखान्यांच्या भिंती होत्या. हरिचंद्राला याचं वाईट वाटायचं थांबून दहा वर्षं झाली होती. त्याला बऱ्याच गोष्टींचं काही वाटायचं थांबलं होतं.

“जयभीम, ताई,” सरस्वती म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली. “नवरा गेला. आता भाऊ जाईल. भावाचं तेवढं बघा.”

रडली नाही. चहा समोर ठेवला, तो निवून साय धरेपर्यंत तिच्या ध्यानात आला नाही.

“पोलीस काय म्हणतात?”

“गुरवारी सोमानं ह्यांची कॉलर धरली होती. कंपनीच्या गेटवर, सगळ्यांसमोर. आणि खाणीच्या काठाला सोमाची सायकल सापडली. म्हणतात, दोघं तिथं दारू प्यायले आणि सोमानं ह्यांना ढकललं. शर्टाला दारूचा वास होता.”

“सुदाम प्यायचा?”

“थेंब नाय.”

“सायकल तिथे कशी?”

“यांनीच मागून नेली होती. शुक्रवारी कंपनीची सुट्टी. धुतलेली पँट-शर्ट घालून उल्हासनगरला नवा चष्मा आणायला गेले. मीच इस्त्री केली. परत आले नाहीत.”

गाठोडं सुटलं. पोलिसांनी पंचनामा उरकून कपडे तिच्या हवाली केले होते. गरिबाच्या मढ्याचे कपडे जपून ठेवायला कुणाकडे कपाट असतं?

भागीरथीबाईंनी आधी चष्मा उचलला. काचा धुरकट, पांढऱ्या. जुन्या न्हाणीघराच्या खिडकीसारख्या.

“हा नवा?” हरिचंद्र म्हणाला. “असला आंधला चष्मा कोन विकत घेल?”

“कुठे सापडला हा?” बाईंनी विचारलं.

“खिशात. मेल्यावर पण त्यांचा चष्मा शाबूत,” सरस्वती म्हणाली. “चाळीस फुटांवरून पडले म्हणतात.”

बाईंनी फ्रेमचा स्क्रू नखाने सैल केला, एक काच बाहेर काढली, कड उजेडाला धरून पाहिली आणि काही न बोलता परत बसवली. मग पँटची खालची दुमड उलटी केली. तपकिरी पीठ सांडलं. पिठात एक काळा, चकचकीत, टोकदार तुकडा होता. बोटाच्या पेराएवढा.

“कुत्र्याचा दात हाय,” हरिचंद्र म्हणाला.

चिमीने गळ्यातला काळा दोरा पुढे केला. त्याला अगदी तसाच दात बांधला होता.

“बापाची हौस,” सरस्वती म्हणाली. “कंपनीत बाहेरदेशचा दगड येतो, त्याच्या ढिगात मिळतात. सगळे कामगार पोरांच्या गळ्यात बांधतात, दात सुखानं येतात म्हणून. आम्ही असलं मानत नाय. पण बापानं बांधलं, आता काढू कशी?”

* * *

खाणीत पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं. काळाकभिन्न कडा, तळाला शेवाळलेलं पाणी, कडेला रक्ताचा एक वाळलेला डाग. एवढासाच.

“चाळीस फुटांवरून डोकं आपटलं आणि रक्त एवढंच?” बाई म्हणाल्या. त्यांनी एक काळी खडी उचलून हरिचंद्राच्या हातावर ठेवली. “हे काय आहे?”

“दगड.”

“लाव्हा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमीन फाटून आग वाहत होती. या आगीत मासा पोहेल?”

“कशाला पोहेल?”

“मग मघाचा दात इथला नाही. तो माशाचा आहे. शार्कचा. तितक्याच जुन्या, पण दूरदेशच्या कुठल्या समुद्रातला.”

हरिचंद्राने खडी खिशात टाकली. कशाला, ते त्यालाही माहीत नव्हतं.

* * *

उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात लछमनदास चष्मेवाला काउंटरमागे बसला होता. बाईंनी चष्मा पुढे ठेवताच त्याने कपाळाला हात लावला.

“अरे साईं! ये क्या किया? शुक्रवारी चार वाजता मी स्वतः पुसून दिला त्याला. असा लख्ख, की बाहेर उभा राहून माझ्या दुकानाची पूरी पाटी वाचून दाखवली. हसला. बोला, सेठ, बारा साल में पहली बार तुम्हारा नाम पढ़ा.”

“काच कसली?”

“असली काच. प्लास्टिक मी ठेवतच नाही. ओरखडे पडतात, मग गिऱ्हाईक भांडायला येतं.”

“हे ओरखडे आहेत?”

लछमनदासने भिंग डोळ्याला लावलं. बराच वेळ बघत राहिला. “नाही, बहेनजी. ओरखडा एक तरफ जातो. ही तर दोन्ही बाजूंनी सारखी खाल्लेली आहे. काच कोण खातं?”

* * *

कंपनी खत बनवायची. बाहेरदेशचा फॉस्फेटचा दगड दळायचा, त्यावर तेजाब ओतायचं आणि तो रबडा ‘डेन’ नावाच्या बंद खोलीत सुकू द्यायचा. सुकलेला माल फोडून बाहेर काढणं हे सुदामचं काम.

गेटवर धोंडिबा वॉचमन होता. डोळे लाल, बोलताना खोकला. केबिनशेजारी डालड्याच्या डब्यात तुळस होती. तिच्या प्रत्येक पानाची कड करपून तपकिरी झालेली.

“पाणी नाही घालत वाटतं?” बाईंनी विचारलं.

“घालतो की. शुक्रवारी सकाळी गावाहून आणली, बायकोनं दिली. चांगली हिरवीगार होती, शनिवारी बघतो तर अशी. इथली हवाच मेली भिकारडी.”

“शुक्रवारी कंपनी चालू होती?”

“सुट्टी. मस्टर बघा, कोरं आहे. गेट उघडलंच नाही.” हे तो बाईंकडे न बघता बोलला.

“सोमाने कॉलर का धरली होती?”

“काय कागद होता सह्यांचा. वरचा पाण्याचा टॉवर बंद आहे म्हणून. सुदाम सही करत नव्हता. नोकरी जाईल म्हणाला. मग हा पेटला.”

“टॉवर म्हणजे?”

“वायू धुवायचा. वरून पाणी पडतं, खालून वायू जातो.” धोंडिबा खोकला. “पाणी पडलं तर.”

आत ऑफिसात श्यामकांत दळवी सुपरवायझर बसला होता. इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, डाव्या मनगटावर बाहीखालून अर्धवट डोकावणारं जाडजूड फॉरेनचं घड्याळ. ऑफिसच्या खिडक्यांच्या काचा इतक्या पांढऱ्या होत्या, की भर दुपारी ट्यूब लावलेली होती. भिंतीवर एका सरकारी कागदाची चौकट होती.

“फार वाईट झालं,” दळवी म्हणाला. “पण सुट्टीच्या दिवशी कामगार बाहेर काय करतो याला कंपनी काय करणार? प्यायचे दोघं.”

“तुम्ही शुक्रवारी कुठे होता?”

“घरी. बदलापूरला. सबंध दिवस.”

हरिचंद्राने तंबाखूची पिशवी काढली. दळवीच्या उजव्या हाताच्या बोटांवर पांढरा चुना वाळलेला पाहून त्याला आपला माणूस भेटल्यासारखं वाटलं. “घ्या साहेब, चिमूट.”

“नको. मी खात नाही.” दळवीने हात टेबलाखाली घेतला. “बरं, किती वाजले असतील हो? मला मीटिंग आहे.”

“माझ्याकडं घड्याल नाय,” हरिचंद्र म्हणाला. “पन मगाशी अडीचचा भोंगा झाला.”

बाई भिंतीवरची चौकट वाचत होत्या. वाचून झाल्यावर त्यांनी पुन्हा एकदा वाचली.

बाहेर पडताना त्या म्हणाल्या, “हरिभाऊ, भिंतीबाहेर दगडाची पावडर सांडली आहे, मूठभर घ्या. बॅटरीवाल्याकडून तेजाब आणा, पाणी न मिसळलेलं. आणि जुन्या बॅटरीतलं शिसं.”

“पावडर घेतो, बाई. पन आता लगन जमवायचा का बाँब?”

* * *

लॉकअपमध्ये सोमा गुडघे जवळ घेऊन बसला होता. डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. गजांमागूनही त्याच्या काचा चमकत होत्या.

“माझा हा चष्मा दोन वर्षांचा,” बाईंनी विचारल्यावर तो म्हणाला. “का?”

“झोपताना सोडून कधी काढतोस?”

“काढला तर भिंतीवर आपटतो. कंपनीत पण घालतो. पण मी गोण्या शिवतो, लांब दुसऱ्या शेडमध्ये.” तो थांबला. “ताई, मी त्याची कॉलर धरली. हे खरंच आहे. तेवढंच शेवटचं राहिलं बघा माझ्या हातात. त्याची कॉलर.”

हवालदार म्हणाला, “वेळ संपली.”

* * *

बुधवारी दुपारी बाईंच्या गॅलरीत शिशाचं एक वेडंवाकडं वाडगं गरम वाळूवर ठेवलेलं होतं. त्यात तपकिरी पावडर आणि तेजाब. वर खिडकीच्या काचेचा तुकडा, त्याला मेण लावून मध्ये रुपयाएवढी जागा उघडी सोडलेली. बाईंनी दार लावून घेतलं आणि हरिचंद्राला आत बसवलं.

दोन तासांनी त्यांनी लांब चिमट्याने काच उचलली, चुन्याच्या पाण्यात बुडवली, मेण खरवडलं. मध्ये रुपयाएवढा पांढरा डाग उमटला होता. मेणाखालची काच जशीच्या तशी.

“बिघाडली,” हरिचंद्र म्हणाला.

“बिघडली नाही. बोलली. चला पोलीस ठाण्यात.”

* * *

फौजदाराने दळवी आणि धोंडिबा दोघांनाही बोलावून घेतलं होतं. सरस्वती कोपऱ्यात बाकावर बसली, चिमी तिच्या मांडीवर झोपलेली. बाईंनी टेबलावर तीन वस्तू मांडल्या : चष्मा, दात, काच.

“या तिन्हींमागे एकच खनिज आहे,” त्या म्हणाल्या. “अ‍ॅपटाइट. नाव परकं आहे, वस्तू नाही. तुमच्या हाडात तेच, दातात त्याचीच बहीण. या खाणीच्या काळ्या दगडातही त्याच्या केसाएवढ्या सुया असतात. चंद्रावरून आणलेल्या दगडांतसुद्धा ते सापडलं. आमचे प्रोफेसर म्हणायचे, हे खनिज म्हणजे पृथ्वीच्या पोटातली चिठ्ठी. दगड वितळून वर येतो तेव्हा त्यातले वायू उडून जायला बघतात. थोडा फ्लोरीन, थोडा क्लोरीन या खनिजात अडकतो आणि कोटी कोटी वर्षं बसून राहतो. दगड कधी थंड झाला तेही त्यात कळतं. आतला युरेनियमचा कण फुटला की ओरखडा उठतो. दगड पुन्हा तापला की ते ओरखडे भरून निघतात. त्यावरून डोंगराचा इतिहास लावतात.”

“बाई, मला डोंगराचा नको, खुनाचा हवाय,” फौजदार म्हणाला.

“तोच सांगते. समुद्रातला मासा मरतो, त्याचा दात चिखलात पडतो. पाण्यातला फ्लोरीन त्यात मुरतो. लाखो दात, हाडं, चिखल मिळून फॉस्फेटचा दगड होतो. तोच या कंपनीत येतो. त्यावर तेजाब ओतलं, की इतकी वर्षं अडकलेला फ्लोरीन सुटतो. तो वायू एक गोष्ट करतो जी दुसरा वायू करत नाही. काच खातो.”

त्यांनी काच पुढे सरकवली. “हा डाग आज दुपारी माझ्या गॅलरीत पडला.”

मग चष्मा उचलला. “हा शुक्रवारी चार वाजता लख्ख होता. साक्षीदार आहे. शनिवारी सकाळी असा.”

“खाणीत दगडावर घासला असेल,” दळवी म्हणाला.

“घासलेल्या काचेला ओरखडे असतात. ही दोन्हीकडून सारखी आहे.” बाईंनी चष्म्याची काच फ्रेममधून बाहेर काढली. “आणि ही कड बघा, फ्रेमच्या खाचेतली. स्वच्छ. खाचेत वायू पोचला नाही, जसा माझ्या मेणाखाली पोचला नाही. हा माणूस नवा चष्मा लावून तासन्‌तास वायूत पडून होता. मग कुणीतरी चष्मा काढून त्याच्या खिशात ठेवला. म्हणून चाळीस फुटांवरून पडूनही तो फुटला नाही, आणि म्हणूनच खाणीत रक्त एवढंसंच होतं. पडला तो मेलेला माणूस.”

फौजदाराने पेन खाली ठेवलं.

“एका संध्याकाळीत काच खाईल इतका वायू फक्त डेनमध्ये असतो, आणि डेन शुक्रवारी बंद होती म्हणे. पण बायकोने सकाळी इस्त्री केलेल्या पँटच्या दुमडीत दगडाची पावडर आणि माशाचा दात आहे. म्हणजे चष्मा घेतल्यावर तो कंपनीत गेला. पोरीसाठी ढिगातून दातही उचलला. आणि शुक्रवारी सकाळी हिरवी असलेली तुळस शनिवारी करपलेली होती. धोंडिबा, तुळस खोटं बोलत नाही.”

धोंडिबा खोकला. बराच वेळ खोकला. मग म्हणाला, “दुप्पट माल काढायचा होता. टॉवर बंद, म्हणून सुट्टीच्या दिवशी, कुणी ओरडायला नको. सुदाम रस्त्यानं सायकलवरून येत होता, त्याला बोलावून घेतला. डेन फोडायला आत गेला. बाहेर आला नाही. मला सांगितलं, गेट उघड, टेंपो जाऊ दे. मी उघडलं. सायकल पण टेंपोत होती.”

“टेंपो कुणी चालवला?” फौजदाराने विचारलं.

“ते नाव त्याच्याकडून नको,” बाई म्हणाल्या. “वस्तू सांगतील. ज्याने प्रेत ओढून काढलं, त्याचे हात त्या रबड्यात बुडाले. तो ओला डाग आधी दुखत नाही. रात्री हाडापर्यंत ठणकतो. कंपनीतल्या लोकांना त्यावर घरचं औषध माहीत असतं. चुना. दळवीसाहेब, तुम्ही तंबाखू खात नाही. मग बोटांना चुना कशाला?”

दळवीने हात पुन्हा टेबलाखाली घेतला.

“आणि मनगटावर घड्याळ असताना हरिभाऊंना वेळ का विचारली? बाही वर करा.”

दळवीने बाही वर केली नाही. फौजदाराने केली. घड्याळाची काच चष्म्यासारखीच पांढरी होती. आतले काटे दिसत नव्हते.

“सोमाचा चष्मा बघा,” बाई म्हणाल्या. “दोन वर्षांचा. लख्ख. तो त्या डेनच्या आसपासही नव्हता.”

दळवी खाली बसला. आवाज सपाट होता, मस्टर वाचून दाखवावा तसा. “तो अर्ध्या तासातच गेला असेल. मला पावणेसातला कळलं. आधी डॉक्टरला आणणार होतो. मग वाटलं, आणून काय होणार? फोन केला. वरून सांगितलं, तिथे राहता कामा नये. दारू मी ओतली. सायकल पण मीच ठेवली. सोमाचं भांडण सगळ्यांना माहीत होतं.”

“वरून म्हणजे कोण?”

दळवीने बाही खाली ओढून बटण लावलं.

सोमाला बाहेर आणलं. तो बहिणीजवळ उभा राहिला. सरस्वतीने त्याच्या शर्टाची वळलेली कॉलर हाताने सरळ केली. बस्स, एवढंच. हरिचंद्राला वाटलं, आपल्याला आता काहीतरी वाटायला हवं. त्याने खिशात हात घातला. खाणीतली खडी अजून तिथेच होती. ती हातात दाबून तो उभा राहिला. दुखेपर्यंत दाबली.

“एक राहिलं,” भागीरथीबाई म्हणाल्या. “ऑफिसात भिंतीवर चौकट आहे. सप्टेंबरचा सरकारी कागद. ‘वायू धुण्याचा टॉवर प्रत्यक्ष पाहिला. काम समाधानकारक.’ खाली कारखाना तपासायला आलेल्या साहेबाची सही, शिक्का.”

“टॉवर कधीपासून बंद आहे?” फौजदाराने धोंडिबाला विचारलं.

“मे महिन्यापासून.”

“ते खातं आमचं नाही, बाई,” फौजदार म्हणाला, आणि कागदावर काही लिहिलं नाही.

तेव्हा सरस्वती पहिल्यांदा स्वतःहून बोलली. “मग कुणाचं आहे?”

फौजदाराने कागद फाइलीत घालून फाइल मिटली. म्हणून तिचा प्रश्न इथे तुमच्यापर्यंत आणला आहे, साहेब.

तुम्ही त्या ऑफिसात बसून चहा प्यायलात. टॉवर त्याच खिडकीच्या समोर आहे. त्या खिडकीची काच मे महिन्यापासून वायू खाऊन खाऊन पांढरी झाली होती, भर दुपारी ट्यूब लावावी लागत होती. वर चढून बघितलं असतंत तर टॉवर कोरडा दिसला असता. चढला नसाल, तर त्या खिडकीतून काहीच दिसत नव्हतं.

मग ‘प्रत्यक्ष पाहिला’ असं लिहिलंत, ते काय पाहून?

चिमी पाच वर्षांची आहे. पुढच्या वर्षी वाचायला लागेल. त्याआधी उत्तर द्या.